पगार पुण्याचा, क्लायंट बेंबळीचे

कुठल्याही आयटी कंपनीच्या कॅण्टीनमध्ये दुपारी दीड वाजता जाऊन बसा. एका टेबलावर फ्लॅटच्या हप्त्यांची चर्चा, दुसऱ्यावर अप्रेझलची रडगाणी आणि तिसऱ्यावर हमखास 'यार, काहीतरी आपलं सुरू करायला पाहिजे' हा विषय. कुणाला कॅफे काढायचा असतो, कुणाला ट्रेकिंगचा ग्रुप, कुणाला टी-शर्टचा ब्रॅण्ड. ताटं उचलली की विषयही उचलला जातो, उद्या पुन्हा वाढायला!

मी त्या तिसऱ्या टेबलावरची. फक्त माझं 'काहीतरी आपलं' सुरू झालं ते बाणेर-बालेवाडीतल्या एखाद्या चकाचक को-वर्किंग स्पेसमध्ये नव्हे, तर बेंबळीत.

'हे कुठं आलं?' असं तुम्ही विचारणारच. धाराशिव तालुक्यातलं हे मोठं गाव. (ज्यांच्या डोक्यात अजून उस्मानाबादच बसलंय त्यांच्यासाठी : जिल्हा तोच, नाव २०२३ मध्ये बदललं.) खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी-हरभरा आणि बाराही महिने पावसाचा हिशेब. आमचं घर तिथं, अण्णांची साडेचार एकर तिथं. मी मात्र पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत यूआय डिझायनर. दिवसा कंपनीच्या क्लायंटसाठी बटणांचे रंग ठरवते आणि रात्री, शनिवार-रविवारी स्वतःच्या क्लायंटसाठी वेबसाइट बनवते. २०२२ पासून हे असंच चालू आहे.

लोक दोन प्रश्न विचारतात. वेळ कुठून काढतेस? आणि नोकरी कधी सोडतेस? दुसरा प्रश्न विचारताना त्यांच्या डोळ्यांत एक चमक असते. सिनेमात हीरो राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटतो तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांत असते, तशी. माझं उत्तर ऐकलं की ती विझते. पण उत्तर पक्कं आहे, आणि ते मला मॅनेजमेंटच्या पुस्तकातून नाही, बेंबळीच्या पावसातून मिळालंय. त्याकडे येतेच. आधी शेळ्या.

शेळ्यांचं काय करायचं?

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि दोन जीन्स बॅगेत टाकून मी गावी गेले. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं वाटलं होतं. राहिले जवळपास दोन वर्षं. घरात नेटवर्क येईना म्हणून माळवदावर खुर्ची टाकायची, उन्हं चढली की खाली, उतरली की पुन्हा वर. गावभर बातमी, की अण्णांची पोरगी माळवदावर बसून पुण्याचा पगार घेती!

ती बातमी ऐकून एक काका आले. त्यांचा शेळीपालनाचा धंदा. शेळ्या अर्थातच उस्मानाबादी. ही जात आमच्या भागाची शान. बहुतेक काळ्याभोर, कमी पाण्याच्या मुलखात तग धरणाऱ्या आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेल्या. कर्नाटक-तेलंगणातूनही काकांना फोन यायचे.

"ताई, तुमी कंप्युटरचं करताव ना? मग माझ्या शेळ्या टाका की इंटरनेटवर."

मी विचारलं, कशासाठी? (हा प्रश्न मी आजही प्रत्येक क्लायंटला सगळ्यात आधी विचारते. निम्मं डिझाइन त्याच्या उत्तरात असतं.) काका म्हणाले, "दर गिऱ्हाइकाला तेच तेच चाळीस फोटो व्हॉट्सअॅपवर धाडून बोटं झिजली. मी फोटो धाडोस्तोवर ती शेळी विकून गेलेली असती. मग माणूस भांडतंय."

म्हणजे काकांना 'वेबसाइट' नको होती. त्यांना एक पान हवं होतं, ज्यावर आज दावणीला कोण आहे ते दिसेल. कॉलेजात शिकलेले सगळे फिरते बॅनर, स्लायडर, अॅनिमेशन मी बाजूला ठेवले. प्रत्येक शेळीचा एक फोटो, वय, वजन, लसीकरण झालं की नाही, किंमत आणि खाली दोन मोठी बटणं. एक फोनचं, एक व्हॉट्सअॅपचं. काकांचा मुलगा बारावीला. तो मोबाइलवर गुगल शीटमध्ये माहिती भरायचा आणि पान ती तिथूनच उचलायचं. शेळी विकली की शीटमध्ये 'विकली' लिहायचं, पानावर लाल पट्टी यायची. बस्स.

खरी मेहनत होती ती वजन कमी करण्याची. शेळ्यांचं नाही, पानाचं! मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-चार एमबीचा. असे चाळीस फोटो म्हणजे खेड्यातल्या नेटवर गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा, पान उघडायचं नाही. प्रत्येक फोटो शंभर केबीच्या आत आणला, आणि खाली सरकवल्याशिवाय पुढचे फोटो उतरणार नाहीत अशी सोय केली. पुण्यात ऑफिसच्या वायफायवर बसून वेबसाइट तपासणारे डिझायनर मला म्हणूनच भाबडे वाटतात. माझी टेस्टिंग लॅब म्हणजे एसटीतली खिडकीची सीट.

दुसरी कसरत मराठी अक्षरांची. काकांच्या फार्मचं नाव, पत्ता, माहिती सगळं फ्लेक्सवाल्याकडे टाइप करून तयार होतं. तिथून कॉपी केलं आणि माझ्या स्क्रीनवर नुसतं जंतर-मंतर! कारण फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुनियेत युनिकोडच्या आधीचे फॉण्ट अजून जोरात आहेत. त्यात 'क' दिसतो खरा, पण कंप्युटरच्या लेखी ते इंग्रजीतलं भलतंच चिन्ह असतं. कागदावर छापायला ठीक. वेबवर ते ना दुसऱ्याच्या फोनवर दिसतं, ना गुगलला सापडतं. दोन हजारच्या दशकात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचायला आधी त्यांचा फॉण्ट डाउनलोड करायला लागायचा, आठवतंय? तोच तो आजार. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा आणला. आज मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता'सारखा देखणा फॉण्ट फुकट मिळतो, त्यामुळे सबब सांगायला जागा नाही.

आणि डोमेन? ते काकांच्याच नावावर, काकांच्याच ईमेलवर घेतलं. डिझायनरने डोमेन स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि पुढे क्लायंटला त्यावरून नाचवायचं, हा प्रकार सर्रास चालतो. मला तो सात-बारा स्वतःच्या नावावर करून घेण्यासारखा वाटतो.

पगार आहे म्हणून स्वस्त? अजिबात नाही!

आता पैशांचं. इथं नोकरी करणाऱ्या फ्रीलान्सरची खरी परीक्षा असते. महिन्याच्या एक तारखेला पगार येणारच असतो. त्यामुळे क्लायंटने 'पाच हजारात करा' म्हटलं की मन म्हणतं, काय हरकत आहे, वरचेच तर पैसे!

मी वहीत तास लिहून ठेवले होते. काकांचं काम चौतीस तासांचं झालं. तेव्हा माझा हातात येणारा पगार ६२ हजार. महिन्याचे १७६ तास धरले तर तासाला साधारण ३५२ रुपये. चौतीस तासांचे बारा हजार. त्यावर डोमेन, नेट, लॅपटॉपची झीज असं धरून मी चौदा हजार सांगितले. निम्मे आधी, निम्मे पान सुरू झाल्यावर.

काका गप्प. मग म्हणाले, "बारा हजार आन् एक पाट घेऊन जा की." पाट म्हणजे तरणी शेळी. पुण्यातल्या वन बीएचकेत तिला कुठं बांधणार? रोख चौदावरच मिटलं. आई मात्र आजही म्हणते, पाट घ्यायला पाहिजे होती, एव्हाना कळप झाला असता!

तर, मी दर कमी का केला नाही? एक कारण स्वार्थाचं. पगाराच्या जोरावर स्वस्तात काम केलं, तर तो धंदा कधीच स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. तो तुमच्या कंपनीच्या पैशावर चालणारा छंद होतो. उद्या नोकरी गेली तर तेच दर गळ्यात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धाराशिवमध्ये, लातूरमध्ये हेच काम पूर्णवेळ करणारी पोरं आहेत. दुकानाचं भाडं, लाइटबिल, घर सगळं त्यातूनच. मी पगाराच्या उशीवर डोकं ठेवून निम्म्या दरात कामं उचलली, तर त्यांचा बाजार मोडतो. शहरातून येऊन गावातल्या माणसाचं पोट कापायचं, आणि वर त्याला 'गावासाठी काहीतरी' म्हणायचं? नको.

पगाराचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्या जोरावर 'नाही' म्हणता येतं. एका कोचिंग क्लासवाल्या सरांना दुसऱ्या शहरातल्या नामांकित क्लासचे गुणवंत विद्यार्थी फोटोसकट आपल्या साइटवर हवे होते. मी नाही म्हटलं, त्यांनी काम दुसरीकडे दिलं, आणि त्या महिन्यात माझ्या घरात कुणाच्या जेवणात काही कमी पडलं नाही. पूर्णवेळ फ्रीलान्सरला हे सुख परवडेलच असं नाही.

एचआरला मेल, आणि पाच आठवडे

'ऑफिसला कळलं तर?' हा पुढचा प्रश्न. माझं उत्तर, मीच कळवलं.

वर्ष आठवा, २०२२. 'मूनलायटिंग' हा शब्द तेव्हा प्रत्येक कॅण्टीनमध्ये होता. ऑगस्टमध्ये विप्रोच्या रिशद प्रेमजींनी ट्विटरवर त्याला सरळ फसवणूक ठरवलं. सप्टेंबरमध्ये स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं त्यांनी जाहीर केलं. इन्फोसिसने आधी दुहेरी नोकरीविरुद्ध तंबी देणारा मेल पाठवला आणि ऑक्टोबरमध्ये मॅनेजर-एचआरची परवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला वाट मोकळी केली. स्विगीने त्याच ऑगस्टमध्ये रीतसर धोरणच आणलं होतं. थोडक्यात काय, तर एकच गोष्ट एका इमारतीत गुन्हा आणि शेजारच्या इमारतीत पॉलिसी!

म्हणून आपलं अपॉइण्टमेंट लेटर काढून वाचणं आलं. माझ्या पत्रात 'लेखी संमतीशिवाय अन्य काम करणार नाही' असं वाक्य होतं. 'करणार नाही' आणि 'संमतीशिवाय करणार नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी संमती मागितली. मेलमध्ये चारच ओळी. काय काम, कुणासाठी, केव्हा आणि कुठल्या मशीनवर. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत माझी झोप उडाली होती, खोटं कशाला बोलू? घराच्या दुरुस्तीचं कर्ज माझ्या नावावर होतं. समजा, त्यांनी उलट माझ्यावरच चौकशी लावली असती तर? शेवटी उत्तर आलं. कंपनीच्या क्षेत्रातले क्लायंट नकोत, कंपनीचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर लायसन्स नको, ऑफिसच्या वेळात नको. मंजूर! त्या मेलची प्रिण्ट मी फाइलला लावून ठेवलीये. पगारवाढीच्या पत्रापेक्षा ती मला प्यारी आहे.

सरकारी नोकरीतल्या मित्रमैत्रिणींनी मात्र जास्त जपायला हवं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी धंद्यासाठी त्यात पूर्वपरवानगीची अट आहे. 'बायकोच्या नावावर करतो' ही पळवाट सांगणारे खूप भेटतात. मी सांगणार नाही.

वेगळा लॅपटॉप हा नुसता शिस्तीचा भाग नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालक कंपनीच. ऑफिसच्या मशीनवर ऑफिसच्या वेळात काकांच्या शेळ्यांचं पान बनवलं, तर उद्या ते कुणाचं, हा वाद कशाला ओढवून घ्यायचा? फ्रीलान्स कामात गंमत उलटी आहे. करारात काही लिहिलं नाही, तर पैसे क्लायंटने दिले तरी डिझाइनचा हक्क साधारणपणे तुमच्याकडेच राहतो. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझा करार एका पानाचा आणि मराठीत असतो. 'पूर्ण पैसे मिळाले की पूर्ण हक्क तुमचे, कायमचे, जगभर.' क्लायंट खूश, आणि शेवटचा हप्ताही वेळेवर येतो.

कागदपत्रांचं एवढं एक सांगून पुढे जाते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी कुणी हजार रुपये मागितले तर उठून या. ती झाली की कायद्याने क्लायंटला पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी मुदतच नसेल तर १५ दिवसांत. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. पगाराबरोबर धंद्याचं उत्पन्न आलं, की रिटर्नचा तो नेहमीचा सोपा फॉर्म चालत नाही, आणि टीडीएस वजा जाता दहा हजारांच्या वर कर निघत असेल तर अॅडव्हान्स टॅक्सच्या तारखाही पाळाव्या लागतात. इथं सीएची फी वाचवू नका.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दहा तास. तीन रात्री नऊ ते अकरा आणि शनिवारी सकाळी चार तास. अकरावा तास विकायला काढत नाही. काकांच्या चौतीस तासांचा अर्थ साडेतीन आठवडे, म्हणून क्लायंटला मी महिना सांगते. आठ वाजायच्या आत त्यांचा फोन उचलत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गावी जाते, लातूर एक्स्प्रेसने रात्रीत धाराशिव, पुढे एसटी. ऑफिसने आता मंगळवार ते गुरुवार हजेरी सक्तीची केलीये, त्यामुळे तो सोमवार मी माळवदावर असते. गावात भेटीगाठी, वहीत टिपणं, शेळ्यांचे फोटो हे सगळं रविवारी.

गोठ्यातून शार्क टँकपर्यंत, पण मधलं काय?

गावातून डिझाइनचा धंदा म्हटलं की हल्ली सगळे मला दादासाहेब भगत यांचं उदाहरण देतात. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला मुलगा. आयटीआय केलं, पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून राबला, ग्राफिक्स-अॅनिमेशन शिकला. लॉकडाउनमध्ये गावी परतला आणि टेकडीवरच्या गोठ्यात टीम बसवून 'डूग्राफिक्स' हे कॅनव्हासारखं डिझाइनचं देशी टूल उभं केलं. 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या पर्वात, २०२४ मध्ये, अमन गुप्तांनी त्यात एक कोटी गुंतवले. सॉलिड गोष्ट आहे, वादच नाही.

पण ही गोष्ट सांगताना सगळे गोठ्यावरून थेट कोटीवर उडी मारतात. मला त्यातली मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात. दिवसा नोकरी, रात्री शिकणं, मग दुसरी नोकरी, त्यातून पुन्हा नवं शिकणं. पगाराच्या दिवसांनी तो माणूस घडवला. ती वर्षं टीव्हीवर चांगली दिसत नाहीत, म्हणून आपण ती कापून टाकतो.

सप्टेंबर २०२५

आता तो पाऊस.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. धाराशिव जिल्ह्यात परंडा-भूमकडे तर गावंच्या गावं पाण्यात. आमच्याकडे घर शाबूत राहिलं. पण काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटत होते. अण्णा बांधावरून फोनवर बोलले, ते फक्त, "यंदा काही नाही बघ."

तोपर्यंत माझे अकरा क्लायंट झाले होते. अकरापैकी आठ जिल्ह्यातलेच. कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय, क्लासेस, मसाल्याचा बचत गट. मी मनात आकडे मांडत होते, की अजून चार क्लायंट, मग राजीनामा. मार्चपर्यंत जमेल, असं वाटत होतं.

ऑक्टोबरात एकेकाचा फोन यायला लागला. कृषी सेवा केंद्रवाल्यांची उधारी शेतकऱ्यांकडे अडकलेली, आणि शेतकऱ्याकडे काही आलंच नाही तर तो देणार कुठून? मंगल कार्यालयाची बुकिंग पुढे ढकललेली. क्लासची फी थकलेली. "ताई, तुमचं काम बघू दिवाळीनंतर." कुणी लबाडी करत नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. माझी त्या ऑक्टोबरची फ्रीलान्सची कमाई शून्य. नोव्हेंबरात अडीच हजार, तेही एका रिन्यूअलचे. आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत घरी रब्बीचं बियाणं, खत आणि कर्जाचा हप्ता एकदम उभा.

एक तारखेला पगार आला, तो तसाच गावी गेला.

तेव्हा लख्ख दिसलं, की माझे क्लायंट आणि माझे अण्णा एकाच आभाळाखाली आहेत. ज्या महिन्यात घराला पैसे लागतात, त्याच महिन्यात माझा धंदा झोपतो. 'उत्पन्नाचे दोन मार्ग असावेत' हे आपण पाठ करतो. पण शेती आणि त्याच शेतीवर जगणारे क्लायंट, हे दोन मार्ग नव्हेतच. ती एकच विहीर, दोन रहाट. माझ्या घरात दुसरी विहीर एकच होती, आणि ती हिंजवडीत होती.

राजीनाम्याचा मसुदा ड्राफ्ट्समध्ये होता. तो मी उडवला नाही, पण त्याची अट बदलली. आता मी मार्चची कमाई मोजत नाही. मार्चमध्ये सगळेच हिशेब मिटवतात, तेव्हा कुणालाही आपण उद्योजक आहोत असं वाटतं! मी ऑक्टोबर-नोव्हेंबरची मोजते. लागोपाठ दोन दिवाळ्या फ्रीलान्सच्या पैशांवर घराचा खर्च आणि हप्ता निघाला, तर तो मेल पाठवायचा. तोपर्यंत नाही.

आणि क्लायंटचा मेळ बदलायला घेतलाय. निम्म्याहून जास्त एका पावसावरचे नकोत. पुण्यातली एक फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यातले एक सीए आहेत, न्यू जर्सीत घरगुती फराळ विकणारी एक मराठी बाई आहे. तिचे डॉलर बँकेत येतात तेव्हा ते कसल्या कामाचे, याचा कोड द्यावा लागतो. पहिल्यांदा धास्ती वाटते, दुसऱ्यांदा फॉर्म पाठ होतो. गुगलने छोट्या दुकानांच्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा 'आमचं पान गेलं कुठं?' विचारत आलेल्यांपैकी दोघं अजून माझ्याकडे आहेत. एक सोलापूरचे, एक मिरजेचे. फुकटची जागा कधीही रिकामी करावी लागते, हे त्यांना समजावण्याची गरजच पडली नाही.

'आता एआय दहा मिनिटांत वेबसाइट करतं, तुझं काय?' हाही प्रश्न येतो. रास्त आहे. शेळीवाल्या काकांच्या पुतण्याने खरंच करून दाखवली. दिसायला माझ्यापेक्षा गुळगुळीत! फक्त त्यातला फोन नंबर कुणाचाच नव्हता, जोडाक्षरं फुटलेली होती, आणि फोटोतल्या शेळ्या पांढऱ्या, लोंबत्या कानांच्या, हिरव्यागार कुरणात. काका बराच वेळ बघत राहिले. "ह्या कुठल्या म्हणायच्या? आपल्याकडं असलं गवत तरी हाय का?" एआय मीही वापरते, कोडची हमाली ते झकास करतं. पण दावणीला आज कोण आहे, हे विचारायला माणसाला दावणीपर्यंत जावं लागतं, आणि माझे पैसे खरं तर त्याचेच असतात.

काकांचं रिन्यूअल यंदा वेळेवर आलं. त्यांना आता पानाची कन्नड आवृत्ती हवीये, कारण आळंदकडचं गिऱ्हाईक वाढलंय. मी वीस तास सांगितलेत. भाषांतर तिकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा करणार आहे, आणि त्याने पैशांऐवजी पाट घ्यायचं कबूल केलंय. आईला हे अजून सांगितलेलं नाही.